कोंडिबा आबांची राखण

आमच्याकडे राहायला यावं की नाही, हा प्रश्न घेऊन माणसं माझ्यासमोर बसतात. सोबत बहुधा मुलगी असते. मुलगा परदेशात असला तर तो फोनच्या पडद्यावर असतो. मी चहा सांगते, खणातून एक कोरा कागद काढते, मधोमध उभी रेघ मारते, डावीकडे 'फायदे' आणि उजवीकडे 'तोटे' असं लिहिते आणि पेन त्यांच्या हातात देते. पुढचं त्यांनी लिहायचं, मी नाही. हा नियम मी पहिल्याच वर्षी स्वतःला घालून घेतला, कारण मी लिहायला बसले की डावी बाजू फार भराभर भरते. शेवटी पगार मला डाव्या बाजूचा मिळतो.

मळवली स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, भाताच्या खाचरांच्या मधोमध आमचं संकुल आहे. साठीच्या पुढच्यांसाठी बांधलेलं. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशेजारी ओढायची घंटेची दोरी, दोन डॉक्टर, वाचनालय, एकत्र जेवणाचं मोठं दालन, आणि ज्यांना स्वतःचं स्वतः होत नाही त्यांच्यासाठी वेगळी इमारत. कंपनीने नोकरीच्या पहिल्या दिवशी बजावलं होतं की 'वृद्धाश्रम' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. मी तो काढत नाही. फक्त रिक्षावाल्याला सांगताना 'म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगा' म्हणते, नाहीतर तो मला भलत्याच बंगल्यावर नेऊन सोडतो.

अकरा वर्षं मी हे कागद भरून घेते आहे. सगळे जपून ठेवले आहेत, वर्षवार, दोऱ्याने बांधून. मुंबई-पुण्याची माणसं डावीकडे पहिलं काय लिहितात हे मी न बघता सांगू शकते: हवा. मग डोंगर, मग सुरक्षितता, मग 'मुलांवर भार नको'. उजवीकडे लिहितात ओल, डास, शनिवार-रविवारची वाहनांची कोंडी, मोठं इस्पितळ लांब. एक गोष्ट कुणीच लिहीत नाही, ती मी तोंडाने सांगते: इथे सगळेच एका वयाचे आहेत, त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी अधूनमधून एक खुर्ची रिकामी होते. हे ऐकून काही जण उठून जातात. कंपनीला हे माझं बोलणं आवडत नाही. पण जे तरीही राहतात ते टिकतात.

एका जोडप्याला मी मुद्दाम वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कागद दिले होते. नवऱ्याने डावीकडे पहिलं लिहिलं, 'शांतता'. बाईंनी उजवीकडे पहिलं लिहिलं, 'शांतता'. तेव्हापासून मी नवरा-बायकोंना एकच कागद देते. भांडण माझ्यासमोर झालेलं बरं.

पण गोष्ट म्हणून सांगण्यासारखा कागद एकच आहे. तो मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि चुकवला.

श्रावण लागून आठवडा झाला होता. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळ होतच नाही असं वाटतं. धुकं खिडकीपाशी येऊन बसतं आणि दुपारी कधीतरी उठून जातं. अशाच एका सकाळी माझ्या दारात पांढऱ्या टोपीतले, हातात कापडी पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. सोबत कुणी नाही. मला वाटलं, माळीकाकांचे कुणी असतील. ते म्हणाले, "ताई, दोनशे चारची किल्ली द्या. माझी हाय."

खरंच त्यांची होती. आमचं संकुल ज्या जमिनीवर आहे त्यातला मोठा तुकडा बाजूच्या गावच्या या कोंडिबा आबांचा. जमीन देताना करारात एक सदनिका त्यांच्या नावे लिहिलेली होती. ती आठ वर्षं कुलपात होती. आम्ही वर्षातून दोनदा तिची झाडलोट करायचो, एवढंच.

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी कागद काढला. तीन महिने राहून बघायचं, मग करारावर सही, हेही सांगितलं. आबा म्हणाले, चष्मा घरी राहिला, तूच लिही. म्हणून पेन माझ्या हातात राहिलं.

फायदा विचारल्यावर त्यांनी आधी घरचं सांगितलं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा दत्ता तळेगावला कंपनीत, पाळीवर. सून संगीता गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये, सकाळी सातला टेम्पोने जायची ती संध्याकाळी सहाला यायची. नातू पुण्याला शिकायला. सून जेवण करून, झाकून, वर ताट पालथं घालून जायची. काही कमी नव्हतं.

"जेवताना समोर मानूस पायजे," आबा म्हणाले. "येवढंच लिव."

मी लिहिलं. मग तोटा विचारला.

"मला तोटा न्हाई. तोटा पोराला हाय, सुनंला हाय."

हे मी लिहिलं नाही. कागद येणाऱ्या माणसाचा असतो, मागे राहणाऱ्यांचा नसतो, असं मला तेव्हा अगदी चोख वाटत होतं. उजवी बाजू मी कोरी ठेवली.

दोनशे चारच्या खिडकीतून धुकं उठलं की लोहगड आणि विसापूर दोन्ही दिसतात. या दृश्यासाठी लोक माझ्याकडे वशिला लावतात. आबा एक दुपार तिथे राहिले आणि संध्याकाळी खाली येऊन म्हणाले की डोंगर काय बघायचा, तो तर जन्मभर पाठीशी आहे. त्यांना तळमजल्याची, मागच्या भिंतीलगतची खोली हवी होती. ती बाजू कुणालाच नको असते. बेडूक रात्रभर ओरडतात आणि खिडकीतून फक्त चिखल दिसतो. तो चिखल आबांचा होता. विकून उरलेली दीड एकर खाचरं भिंतीला लागूनच होती, त्यात दत्ताने इंद्रायणी भात लावलेलं होतं. मी अदलाबदल करून दिली. वरच्या खोलीत गेलेल्या बाईंनी मला पेढे दिले.

आता माझ्या चुकीचं सांगते. नवीन माणूस आलं की आम्ही त्याच्या हस्ते पुढच्या फाटकापाशी एक रोप लावतो, फोटो काढतो आणि संकुलाच्या फेसबुक पानावर टाकतो. पुण्या-मुंबईच्या माणसांना ते फार आवडतं, नातवंडं अमेरिकेतून लाल बदामाची चिन्हं पाठवतात. आबांनी रोप लावलं ते बघण्यासारखं होतं. इतर लोक रोपाला हात लावून फोटोकडे बघतात. आबांनी धोतर खोचलं, दोन हातांनी माती सारली, टाचेने दाबली आणि फोटो निघायच्या आत काम संपवलं. म्हणून पुन्हा उभं करून काढला. खाली लिहिलं, 'आमच्या कुटुंबात स्वागत'. कामांच्या यादीतल्या त्या ओळीवर मी खूण केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेगडेवाडीच्या घरून लोकलने येऊन पोहोचले तोवर दत्ता माझ्या खोलीबाहेर उभा होता. कंपनीच्या गणवेशात, रात्रपाळी करून आलेला. फोटो गावच्या ग्रुपवर फिरला होता. बसा म्हटलं तर बसला नाही.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. येवढं तरी कळाया पायजे व्हतं," तो म्हणाला. "आईचं वरीस झालं न्हाई आन बापाला टाकला म्हणत्यात. 'आमच्या कुटुंबात' म्हणं. आन आमचं कुटुंब काय मेलं व्हय?"

मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं की त्याला स्वतःला बोललेलं चालेल. पण पॉलिहाऊसच्या टेम्पोत बायका संगीताच्या शेजारी बसेनात. सून जेवायला घालत नाही म्हणून म्हातारा तिकडे गेला, असं तिच्या तोंडावर म्हणाल्या. तो बापाला न्यायला आला होता.

मी माफी मागितली. फोटो त्याच्यासमोर काढून टाकला, आणि काढताना दोघांनाही कळत होतं की आता त्याचा काही उपयोग नाही. तेवढ्यात आबा आले. त्यांनी सगळं दाराबाहेरून ऐकलं असावं. मुलाकडे न बघता ते खुर्चीवर बसले.

"गावाला सांग, आबा राखणीला गेलाय."

इथे राखण म्हणजे काय ते सांगायला हवं. मावळात भात दाण्यावर आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात. म्हणून घरातलं एक माणूस, बहुधा म्हातारं, शेतात खोप करून राहायला जातं. तिथेच झोपतं, डबा घरून येतो. दोन-दोन महिने जातात. त्याला कुणी टाकलं असं म्हणत नाही. उलट ज्याच्या घरात राखणीला जाणारं म्हातारं आहे ते घर भाग्याचं समजतात.

दत्ता म्हणाला, "आत्तापासनं कसली राखण? दाना ऱ्हाऊ दे, भात पोटरीत बी आलं न्हाई."

"येतंय की. तवर बांध बघतो."

दत्ता माझ्याकडे बघत राहिला, मग भिंतीपलीकडे. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की रडू, हे मला सांगता येणार नाही. जाताना एवढंच म्हणाला की राखण भात काढेपर्यंत असते. आबा म्हणाले, व्हय, भात काढेपर्यंत.

त्यानंतरचे जवळजवळ तीन महिने माझ्या आठवणीत नीट रांगेने येत नाहीत, आणि मी तर रांग मोडली की अस्वस्थ होणारी बाई. सकाळी आबा मागच्या छोट्या दारातून बाहेर पडायचे. धुक्यात आधी त्यांचे पाय नाहीसे व्हायचे, मग धोतर, मग नुसती पांढरी टोपी बांधाच्या उंचीवर तरंगत जाताना दिसायची. साडेबाराला ते पाय धुऊन जेवायला येत. त्यांच्या टेबलाशी प्रमिलाताई असायच्या. मुंबईच्या, ऐंशीच्या पुढच्या, फार मऊ बोलणाऱ्या. त्यांना कालचं आज आठवत नसे. रोज आबा समोर बसले की त्या विचारायच्या, "तुम्ही कुठून आलात?"

आबा रोज सांगायचे, "म्या हितलाच."

आणि मग रोज पहिल्यापासून सुरुवात. आपण बसलोय हे जांभळीचं खाचर. ते वाढप्यांचं टेबल आहे ना, तिथे बांध. वाचनालय म्हणजे पाणथळ, तिथे बैलाचे पाय रुतायचे. लिफ्ट जिथे आहे तिथे उन्हाळ्यातसुद्धा दोन हातांवर पाणी लागायचं. प्रमिलाताई डोळे मोठे करून ऐकायच्या आणि पायाखालच्या फरशीकडे अशा बघायच्या की आता तळवे ओले होतील. हळूहळू शेजारच्या टेबलांवरची माणसं ऐकू लागली. एक निवृत्त न्यायाधीश रोज काहीतरी नवीन शंका काढायचे. वाढपी मुली 'वाचनालयात' न म्हणता 'पाणथळात' म्हणू लागल्या. मीसुद्धा एकदा पाहुण्यांना इमारत दाखवता दाखवता बांधापाशी आल्यासारखी पाय उचलून पुढे गेले. पाहुण्यांनीही उचलला.

आश्विनात भात फुलोऱ्यात आलं, आणि एका दुपारी मागच्या खिडक्यांतून वास आत आला. इंद्रायणी निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, जो वास येतो तो शिजलेल्या भाताचाच असतो, फक्त त्यात ओलं गवत असतं आणि थोडं दूध. जेवणाच्या दालनातल्या माना खिडक्यांकडे वळल्या. स्वयंपाकघरातून आचारी बाहेर आला, कारण त्याने भात अजून लावलाच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या, डोंगर दिसणाऱ्या खोल्यांतले लोक त्या आठवड्यात खाली येऊन आबांच्या खिडकीशी उभे राहायचे. मला पेढे देणाऱ्या बाईंनी पुन्हा खोली बदलून मिळेल का असं विचारलं.

पण वास पिवळा होत होता. म्हणजे शेत पिवळं होत होतं. दर दिवशी मी भिंतीपलीकडे बघत होते आणि आबांच्या कागदाची उजवी बाजू कोरी आहे हे मला ठाऊक होतं.

दिवाळी झाली आणि दोन दिवसांत भात कापून, झोडून झालं. दत्ताने पोती नेली. खाचरात फक्त खुंट उरले. त्याच संध्याकाळी आबांनी पिशवी भरली. मी म्हटलं, तीन महिन्यांना अजून चार दिवस बाकी आहेत, आणि सदनिका तर तुमचीच आहे. ते म्हणाले, "बोललो व्हतो, ताई. भात काढेपर्यंत."

मला त्यांना थांबवायची वाक्यं पाठ आहेत. मी ती माणसांना विकते. त्या संध्याकाळी एकही उच्चारता आलं नाही, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्या फायद्याचं होतं, आणि त्यांना फायदा पहिल्या दिवसापासून माहीत होता.

दुसऱ्या दिवशी न्यायला संगीता आली. दत्ताची दिवसपाळी होती, म्हणून ती कामावर सुट्टी टाकून, गाडी करून आली. मी तिला तोवर कधी भेटले नव्हते. चाळिशीची, काटक, बोटांवर गुलाबाच्या काट्यांचे बारीक ओरखडे. बाराला आली. मी म्हटलं, जेवूनच जा, आज आबांच्या टेबलाशी जागा आहे. ती नको म्हणत होती, मग बसली, पदर आवळून, परक्या लग्नात बसावं तशी.

प्रमिलाताईंनी आबांकडे बघितलं. "तुम्ही कुठून आलात?"

संगीताने दचकून सासऱ्यांकडे पाहिलं. तीन महिने समोर बसणाऱ्या बाईने असं विचारावं म्हणजे इथे काय चाललंय, असं तिला वाटलं असणार. आबांनी मात्र पोळीचा तुकडा खाली ठेवला आणि सुरुवात केली. म्या हितलाच. हे जांभळीचं खाचर.

त्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं की इथली कुठली लावणी सगळ्यात लक्षात आहे. आणि आबांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. बायको लग्न होऊन आली ती आंदर मावळातून, डोंगराकडची, तिला खाचराची लावणी नीट येत नव्हती. सगळ्या बायकांनी सरळ ओळी लावल्या, हिची एक ओळ वाकडी, अगदी ओढ्यासारखी. आबांच्या आईने ती उपटायला सांगितली. आबांनी उपटली नाही. दिवेलागणीला जाऊन त्यांनी बाकीच्या दोन ओळी तिच्यासारख्या वाकड्या केल्या, म्हणजे तिची एकटीची दिसू नये.

"त्या वरसाला भात तेवढंच आलं," आबा म्हणाले. "वाकडं लावलं म्हनून कमी आलं न्हाई."

प्रमिलाताई हसल्या. टेबलावरचे सगळे हसले. संगीता हसली नाही. ती ताटाकडे बघत होती. नंतर तिने मला सांगितलं की सासूला, आत्याबाईंना, अंथरुणावर असताना सहा वर्षं तिने न्हाऊ-माखू घातलं, त्यांच्या अंगावरचा प्रत्येक व्रण तिला माहीत होता, पण ही गोष्ट त्या घरात कुणी कुणाला कधी सांगितली नव्हती. सांगायला समोर कुणी बसलंच नव्हतं. सगळे कामावर होते, तीसुद्धा.

जेवण झालं. आबा पिशवी घेऊन पायरीवर आले. मी निरोपाला उभी होते. गाडीजवळ संगीताने पिशवी त्यांच्या हातातून घेतली, आणि ती गाडीत न ठेवता पायरीवर ठेवली.

"आबा, ही आत न्या."

"भात काढून झालं, पोरी. आता गावाला काय सांगशील?"

"सांगीन, मीच ठिवलंय."

आबा हळूच म्हणाले, "नावं ठिवतील तुला."

"आत्याबाईंचं सहा वरसं केलं, तवा कुणी चांगलं म्हणाया आलं न्हाई," ती म्हणाली. "आता वाईट म्हणाया येतील. येऊ द्यात."

अकरा वर्षांत मी कितीतरी मुलं-मुली त्या पायरीवर पाहिल्या आहेत. रडणाऱ्या, घड्याळ बघणाऱ्या, मला पुन्हा पुन्हा औषधांच्या वेळा सांगणाऱ्या. आई-बापांचा निर्णय आपल्या नावावर घेऊन त्याची किंमत मोजायला तयार झालेली ही एकच. आणि तिला मी एकदाही फोन करून विचारलं नव्हतं. माझ्या यादीत तिचं नाव 'संपर्क, दुसरा' म्हणून होतं.

आबांनी खाचरांकडे बघितलं. धुकं नव्हतं तेव्हा, कार्तिकातलं स्वच्छ ऊन होतं, आणि रिकाम्या खाचरातून बगळे चालत होते. मग त्यांनी विचारलं, "रविवारी सुट्टी असती ना तुला?"

"असती."

"मग जेवाया येतो. दत्ताला गाडी घिऊन धाडू नकोस. चालत येईन."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि गाडीत बसली. आबांनी पिशवी उचलून आत नेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आमच्या मागच्या दारातून बांधाबांधाने गेलं तर आबांचं घर सात मिनिटांवर आहे. वाट थेट त्यांच्या परसात निघते, संगीताच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. पण दर रविवारी सकाळी अकराला आबा पुढच्या फाटकाने निघतात. धुतलेलं धोतर, कडक टोपी. डांबरी रस्त्याने मोठा वळसा घालून गावात शिरतात आणि देवळापुढच्या पारावर, जिथे सुट्टीच्या दिवशी सगळा गाव बसलेला असतो, तिथे जरा टेकतात. कुणीतरी विचारतंच, आबा, कुणीकडं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, सुनंकडं जेवाया निघालोय. मग उठतात.

एकूण पाऊण तास लागतो. गुडघा सुजतो. आमच्याकडे व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने त्यांना तीनदा बजावलंय की आबा, मागची वाट धरा. आबा तिला हो म्हणतात, आणि पुढच्या फाटकाने निघतात.